संध्याकाळी सहा ते दहा, कोण?

सांगलीतल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

ताईंचं वय ४४, पतसंस्थेत कॅशियर. मिस्टर मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानी दिवाणजी. घरात सासू-सासरे आणि बारावीतला मुलगा. सासरे ७६ वर्षांचे, बीपी आणि साखर दोन्ही. साखर कारखान्यात काट्यावर कारकून म्हणून त्यांची हयात गेली. तीन वर्षांपासून विसरणं सुरू झालं. आता एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, नातवाला स्वतःच्या भावाच्या नावानं हाक मारतात आणि दिवेलागणीला शर्ट चढवून 'रात्रपाळी आहे, उशीर झाला' म्हणत दाराकडं निघतात. मागच्या महिन्यात असेच बाहेर पडले. कॉलेज कॉर्नरला एका ओळखीच्या रिक्षावाल्यानं पाहिलं म्हणून घरी आले. तेव्हापासून दुपारी सासूबाई गुडघ्यांच्या शेकासाठी दवाखान्यात गेल्या की घराला बाहेरून कडी घातली जाते. घरचे डॉक्टर 'वयोमानाप्रमाणे आहे' म्हणतात. रात्री जागतात म्हणून मेडिकलमधून आणलेली झोपेची गोळी अधूनमधून दिली जाते. सासूबाईंचं म्हणणं, म्हातारा मुद्दाम करतो. पुण्याची नणंद म्हणते, बाबांना आश्रमात टाकलंत तर पुन्हा माझं तोंड बघू नका. ताई विचारतात: 'सांगलीत अशा माणसांसाठी काहीच नाही. मग मी नोकरी सोडून घरी बसू, की मन घट्ट करून त्यांना पुण्यातल्या एखाद्या संस्थेत ठेवू?'

ताई,

राजीनामा किंवा पुणे, अशा दोनच वाटा तुम्ही लिहिल्यात. यातली एक निवडून द्या म्हणालात तर मी देणार नाही. दोन्हींच्या आधीची बरीच कामं राहिली आहेत, आणि पहिलं तर फारच मोठं राहिलंय. बाबांना नेमकं काय झालंय हे अजून कुणी नीट तपासलेलंच नाही.

'वयोमानाप्रमाणे' हे काही निदान नव्हे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजाराचं, प्रमाण ७.४ टक्के निघालं, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. आकडा मोठा आहे, पण त्याचा दुसरा अर्थ असा की साठीपुढच्या बहुतेकांना हा आजार नसतो. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वयाचं असू शकेल. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर रात्रपाळीला निघणं वयाचं नाही. आणि सगळं विसरणं डिमेन्शियाचंही नसतं. बी-१२ कमी पडलं, थायरॉइड मंदावलं, सोडियम घटलं, मनाला उदासी धरली तरी माणूस असाच भरकटतो. मागं कधी पडून डोक्याला मार बसला असेल तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साकळतं, तेव्हाही असंच दिसतं. यातलं बरंचसं उपचारानं सुधारण्यासारखं असतं. बाबा गेल्या काही महिन्यांत पडले होते का, हे सासूबाईंना विचारा. घरातली पडझड पुष्कळदा सुनेपर्यंत पोचत नाही.

बीपी आणि साखरेचा उल्लेख तुम्ही ओघात केलात. मला तो महत्त्वाचा वाटतो. डिमेन्शियात सर्वांत जास्त आढळणारा प्रकार अल्झायमरचा, पण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यानं होणाराही एक प्रकार आहे. तो पुष्कळदा पायरीपायरीनं उतरतो: काही महिने जैसे थे, मग एकदम खाली. तिथं बीपी आणि साखर ताब्यात ठेवणं हाच पुढची पायरी लांबवायचा उपाय. डोनेपेझिल, मेमॅन्टिन अशी औषधं डॉक्टर देतात. त्यांनी काहींची लक्षणं काही काळ सावरतात, आजार माघारी फिरत नाही. 'महिन्याभरात पूर्ण बरं करून देतो' असं कुणी सांगितलं तर पैसे सांभाळा. बदाम आणि ब्राह्मी घेऊन येणाऱ्या नातेवाइकांना चहा द्या, तेवढंच पुरे.

आता 'सांगलीत काहीच नाही' याबद्दल. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातली माणसंसुद्धा औषधपाण्याला तिथं येतात, आणि आपण शेजारी राहून काही नाही म्हणतो! मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ पासून आहे. सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, त्यालाच जोडलेलं आहे. तिथल्या मानसोपचार विभागात किंवा सांगली-मिरजेतल्या एखाद्या न्यूरोफिजिशियनकडं बाबांची पूर्ण तपासणी होऊ शकते: स्मरणशक्तीची चाचणी, रक्त, गरज पडली तर मेंदूचा स्कॅन. सातारकर वाचकांना हेच क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा कराडच्या कृष्णा रुग्णालयात विचारता येईल. 'मानसोपचार' ऐकून सासूबाई म्हणतील, ते काय वेडे आहेत? त्यांच्याशी वाद घालू नका. मेंदूच्या डॉक्टरांकडं चाललोय म्हणा, ते खरंच आहे.

जाताना सगळ्या गोळ्यांची पिशवी न्या, आयुर्वेदिक पुड्यांसकट. काय काय आणि कधीपासून घडतंय ते कागदावर लिहून न्या. बाबांसमोर त्यांचीच तक्रार सांगायला लागू नये म्हणून तो कागद आधी आत पाठवा. कानाचं यंत्र असेल तर ते घालूनच न्या. ऐकू न आलेला प्रश्न आणि विसरलेलं उत्तर बाहेरून सारखंच दिसतं. मोतीबिंदू राहिला असेल तर तोही तपासून घ्या, कारण अंधुक दिसणाऱ्याला संध्याकाळी दोरीवरचा टॉवेलही माणूस वाटतो.

झोपेची गोळी आजपासून बंद, असं मात्र मी लिहिणार नाही. बरेच दिवस चाललेली गोळी एकदम तोडणंही बरं नाही. पण ती कोणती आणि किती दिली जाते हे डॉक्टरांना सांगा आणि पुढं त्यांच्या शब्दाशिवाय देऊ नका. अशा माणसांचा गोंधळ झोपेच्या गोळ्यांनीच वाढतो, रात्री उठल्यावर तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. मग घरचा प्रश्न दुप्पट होतो. सर्दीची साधी वाटणारी काही औषधंसुद्धा मेंदूवर झापड आणतात. राग-आरडाओरडा आवरायला दिली जाणारी काही औषधं या आजारात पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढवतात, म्हणून जाणते डॉक्टर ती नाइलाज झाला तरच, थोड्या मात्रेत आणि थोडे दिवस देतात. आणखी एक लक्षात ठेवा. बाबा दोन-चार दिवसांत एकदम बिघडले, भलतंच बडबडायला लागले किंवा गळून पडून राहिले, तर 'आजार वाढला' म्हणून घरी बसू नका. लघवीतला जंतुसंसर्ग, पोट साफ नसणं, अंगातलं पाणी कमी होणं, नवी गोळी, यांपैकी काहीतरी असतं आणि ते लगेच दाखवावं लागतं.

तपासणीत डिमेन्शियाच निघाला असं धरून पुढचं लिहिते.

तुम्ही 'कुठं ठेवू' असं विचारलंय. मला पत्र वाचताना वाटलं, तुमच्या घरात जागेपेक्षा काही तासांची अडचण जास्त आहे. पत्रातले प्रसंग पुन्हा बघा. सकाळी बाबा पेपर घेऊन बसतात, जेवतात, गल्लीतल्या कुणाशी तरी बोलतात. त्या वेळेबद्दल तुमची एकही तक्रार नाही. अडतं ते दुपारी सासूबाई बाहेर जातात त्या तासात, आणि संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. अख्खी नोकरी सोडून किंवा चोवीस तासांची संस्था शोधून पाच तासांचा प्रश्न सोडवायला निघालात तर खर्चही फार आणि दुःखही फार. एक वही घ्या. आठ दिवस बाबा कधी अस्वस्थ होतात, त्याआधी काय घडलं आणि त्या वेळी घरात कोण होतं एवढंच लिहा. मग ठरवा, कोणते तास कुणाचे.

संध्याकाळी अशी माणसं बिथरतात हे जगभरच्या घरांत दिसतं. दिवसाचा थकवा असतो, उजेड कमी होतो, सावल्या लांबतात, आणि नेमकं तेव्हाच घर सगळ्यांत गजबजतं. तुम्ही कामावरून येता, कुकर लागतो, मुलगा क्लासहून येतो, सासूबाईंची मालिका सुरू होते. बाबांना यातलं काहीच नीट लागत नाही, आणि काट्यावरच्या माणसाच्या अंगात मुरलेलं एकच वेळापत्रक वर येतं. दिवस मावळला, पाळीला निघायचं. म्हणून दिवे अंधार पडायच्या आधी लावा, घरभर. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा. चारनंतरचा चहा अर्धा कप. साडेचारला कुणीतरी त्यांना आमराईत किंवा जवळच्या देवळापर्यंत चालवून आणा. पाय दमले की रात्रही बरी जाते. घरी आल्यावर लघवीला नेऊन आणा. पुष्कळदा अस्वस्थपणाचं कारण एवढंच असतं, त्यांना ते सांगता येत नाही.

तरीही ते शर्ट चढवतीलच. तेव्हा 'बाबा, तुम्ही रिटायर होऊन किती वर्षं झाली' हे सांगू नका. पटणार नाहीच, वर अपमान झाल्यासारखं वाटेल, आणि अपमान तेवढा मनात राहतो. 'आज मिल साफसफाईला बंद आहे, निरोप आलाय' म्हणून बघा. किंवा विचारा, 'गाड्यांची रांग कुठवर आली होती काल?' बोलू द्या. तरीही निघालेच तर चपला घालून बरोबर निघा, कोपऱ्यापर्यंत जा आणि 'चहा घेऊन जाऊ' म्हणत परत आणा. तुम्हाला हे खोटं बोलणं वाटेल. मला वाटत नाही. ज्या जगात ते त्या क्षणी आहेत तिथं त्यांना एकटं न सोडणं आहे ते. आणि हाताला काम द्या. वही, पेन्सिल, जुना तराजू. ज्वारी मापून डब्यात भरायची आणि वजन लिहायचं. आकडे चुकले तर चुकू देत, तिथं ऑडिट नाही. यानं रोज जमेल असं नाही, पण सातातल्या चार संध्याकाळी निभल्या तरी तुमचा जीव थाऱ्यावर येईल.

आता माणसाचं. नर्सिंग ब्युरोवाले बहुधा बारा किंवा चोवीस तासांचा माणूस देतात. चार-पाच तासांसाठी ते कुरकुरतील. त्यापेक्षा जवळच्या दवाखान्यात सकाळपाळी करणारे एखादे वॉर्डमामा किंवा मावशी, किंवा निवृत्त होऊन घरी बसलेले मामा, थेट शोधा. तुमच्या डॉक्टरांचा कंपाउंडर आणि मेडिकलवाला यांना शहरातल्या अशा माणसांची जास्त माहिती असते. बाबा पुरुष आहेत, अंघोळ-लघवीचा प्रश्न पुढं येणारच, तेव्हा मामाच बरे. पोलिस पडताळणी करून घ्या, लाजू नका. सुट्टीच्या दिवशी बदली कोण, कामात काय धरलं आहे आणि काय नाही, मोबाईल किती बघायचा, पैसे कुठल्या तारखेला, हे पहिल्या दिवशी बोला. पहिला आठवडा घरातलं कुणीतरी सोबत असू द्या. आणि बाबांना 'तुम्हाला सांभाळायला माणूस आणलाय' म्हणू नका. हाताखाली नवा पोरगा दिलाय, काम शिकवा म्हणावं. कारकुनाला तेवढं पुरेसं असतं.

फुकटची आणि अर्ध्या फुकटची मदतही आहे. ज्येष्ठ नागरिक संघ आणि विरंगुळा केंद्रं आपल्याकडं बऱ्याच भागांत आहेत. मामा सोबत असतील तर बाबा तिथं आठवड्यातून दोनदा तासभर बसू शकतील. आधी अध्यक्षांना आजार सांगून ठेवा. लपवून पाठवलंत आणि तिथं काही झालं तर ते दार कायमचं बंद होतं. दुपारच्या तासासाठी शेजारच्या एखाद्या काकू-काकांना विचारलंत का? तुम्ही विचारलं नसणार, असं मला वाटतं. आपल्याला परक्यांकडून मदत मागायला लाज वाटते, आणि कडी घालायला वाटत नाही.

ती कडी मात्र आजच बंद करा. यावर मी दोन्ही बाजू तोलणार नाही. आत एकटा, गोंधळलेला माणूस, गॅसची शेगडी, बाहेरून कडी. काही झालं तर त्यांना बाहेर पडता येणार नाही आणि आपण अडकलोय हे मात्र कळेल. तास मोकळा राहतोय तर सासूबाईंच्या शेकाची वेळ बदला, किंवा फिजिओथेरपिस्टला घरी बोलवा.

बाहेर पडण्याचा धोका वेगळ्या मार्गानं कमी होतो. दाराला घंटी लावा. शर्टाच्या खिशात नाव आणि तुमच्या दोघांचे नंबर असलेलं कार्ड ठेवा, आणि ते नंबर शर्टाच्या आतल्या पट्टीवर शिवूनही टाका, कारण कार्ड फेकलं जातं. गल्लीच्या तोंडाचा चहावाला, किराणावाला, रिक्षा स्टॉप, सगळ्यांना बाबांचा फोटो दाखवून सांगा. मागच्या वेळी त्यांना रिक्षावाल्यानंच ओळखलं, हे विसरू नका. आजार झाकून ठेवलात की हे डोळे मिटतात. कधी सापडले नाहीत तर ११२ ला फोन करा आणि थेट ठाण्यात जा. चोवीस तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे, असा नियम नाही. त्या दिवशी कोणते कपडे होते हे सांगता यावं म्हणून मोबाईलवर रोज सकाळी एक फोटो काढायची सवय ठेवा.

सासूबाईंवर रागावू नका. 'मुद्दाम करतात' यामागं राग आहेच, पण त्यांचा नवरा त्यांच्यासमोर बसून त्यांना ओळखेनासा होतोय, आणि हे मान्य करण्यापेक्षा 'मुद्दाम' मानणं सोपं जातं. डॉक्टरांकडं त्यांनाही न्या. सुनेनं सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात त्यांच्या लेखी फरक आहे, तो फायद्याचा करून घ्या. गुडघे दुखत असताना रात्री चारदा उठणारी तीही एक पेशंट आहे. तिची झोप हिशेबात धरा.

तुमच्या पत्रात बाबांच्या गोळ्या, कपडे, जेवण, रात्रीचं जागरण सगळं तुमच्याकडं आहे, आणि मिस्टरांबद्दल एकच ओळ आहे: हळदीच्या हंगामात ते उशिरा येतात. हंगाम बारा महिने नसतो, ताई. बाबा त्यांचे आहेत. हंगामाबाहेर आठवड्यातल्या तीन संध्याकाळी आणि रविवार पूर्ण त्यांच्या नावावर घाला. हंगामात तेवढ्याच तासांच्या मामांचा पगार त्यांनी द्यावा. मुलाला बारावी होईपर्यंत सोडा, पण आजोबांसोबत अर्धा तास बुद्धिबळाचा पट मांडून बसण्यानं त्याचे मार्क जाणार नाहीत.

नणंदेशी भांडू नका, तिला काम द्या. वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस तिनं सांगलीला येऊन राहावं आणि तुम्ही दोघांनी कुठंतरी जावं. जमत नसेल तर दर महिन्याला ठरलेली रक्कम. आणि पुण्यात राहते ती, तर संस्था बघायचं कामही तिचंच. अल्झायमर अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ पासून देशभर या विषयात काम करते, तिची पुण्यात शाखा आहे. तिथं जाऊन घरच्या माणसांसाठी काय चालतं याची चौकशी तिनं करावी. ज्या दारात बापाला पाठवायचं नाही म्हणते ते दार तिनं आधी आत जाऊन पाहिलेलं बरं. कदाचित तिचं मत पक्कं होईल, कदाचित बदलेल. दोन्ही चालेल.

कारण संस्था हा गुन्हा नाही. उद्या बाबा हात उगारू लागले, रात्रीमागून रात्री कुणालाच झोप मिळेना, त्यांना उचलायला दोन माणसं लागू लागली किंवा सासूबाईच अंथरुणाला खिळल्या, तर त्या दिवशी तो निर्णय घ्या आणि 'टाकलं' हा शब्द कुणाला वापरू देऊ नका. पण नुसता 'वृद्धाश्रम' शोधू नका. आपल्याकडचे बरेच वृद्धाश्रम स्वतःचं स्वतः करणाऱ्यांनाच घेतात. आजार लपवून ठेवलंत तर आठवड्यात 'घेऊन जा' असा फोन येतो. डिमेन्शियाच्या माणसांना घेतात का, नोंदणी कशाखाली आहे, रात्री किती माणसांमागं किती सेवक, डॉक्टर किती वेळा येतात, दवाखान्यात हलवायची वेळ आली तर कोण नेतं, अनामत परत मिळते का, हे विचारा. हातपाय बांधतात का, हे थेट विचारा आणि उत्तर देताना तोंडाकडं बघा. दाखवायच्या वेळी जाऊ नका, न सांगता संध्याकाळच्या जेवणाला जा. वासावरून, आणि सेवक म्हाताऱ्यांना कशी हाक मारतात यावरून बरंच कळतं. पहिल्यांदा पंधरा दिवसांपुरतं ठेवता येतं का, हेही विचारा. तुमच्या घरात लग्न किंवा ऑपरेशन असेल तर तेवढ्याची सोय होते आणि दोन्ही बाजूंना अंदाज येतो.

पैशाची कागदपत्रं हा विषय लोक उशिरा काढतात. बाबांना अजून व्यवहार कळतो का, हे डॉक्टरांना विचारा. कळत असेल तर बँकेत संयुक्त खातं, वारसनोंद आणि मृत्युपत्र आत्ताच, डॉक्टरांच्या दाखल्यासह करून घ्या. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात साधं मुखत्यारपत्रही संपतं. तेव्हा पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयाकडं जावं लागतं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात त्याच न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झाल्यानं सांगली-साताऱ्याच्या लोकांची मुंबईची वारी वाचली, तरी वकिलाचा खर्च आहेच. पेन्शनचा हयातीचा दाखला आता मोबाईलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो, पोस्टमनही घरी येऊन करून देतात. सत्तरीपुढच्यांना बँकेनं घरपोच सेवा द्यावी असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलंय, मागून बघा. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मानचं पाच लाखांपर्यंतचं कार्ड मिळतं, ते काढून ठेवा, मात्र ते दवाखान्यात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. मामांचा पगार त्यात बसत नाही. बाबांचं एटीएम कार्ड आणि चेकबुक आता कपाटात, किल्ली तुमच्याकडं.

फोन नंबर लिहून घ्या: ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७, सकाळी ८ ते रात्री ८. मन मोकळं करायला सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. दुसरा नंबर बाबांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. पत्रात तुम्ही लिहिलंय की एका रात्री बाबांचा दंड जोरात धरला आणि नंतर स्वयंपाकघरात रडलात. अशी रात्र पुन्हा आली तर त्यांना सुरक्षित बसवून दुसऱ्या खोलीत जा आणि तो फोन लावा. सिव्हिलमध्ये समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांनाही भेटा. कुठली योजना लागू होते, कुठला कागद लागतो, हे सांगायला त्यांच्यासारखं कुणी नाही.

तुमचं घर कोणत्या भागात आहे ते कळलं नाही. नदीकडच्या भागात असेल तर पावसाळ्यापूर्वी एक गोष्ट ठरवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात अंधारात, बोटीतून, अनोळखी हॉलमध्ये हलवलेल्या म्हाताऱ्या माणसांचं काय झालं असेल याची कल्पना करा, आणि त्यातही ज्यांना स्वतःचं घरच कळत नाही त्यांचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडं चढायला लागलं की वाट बघत बसू नका. दिवसाउजेडी, बाबांच्या ओळखीच्या घरी हलवा. बरोबर त्यांची उशी, चादर, तराजू, गोळ्या आणि फाइल. गणपतीत मंडळाच्या डॉल्बीशेजारी घर असेल तर मिरवणुकीच्या दिवसांतही हेच.

राहिली नोकरी. सोडू नका. घरात ठरलेल्या तारखेला पगार आणणारे तुम्ही दोघं आहात, मामांचा पगार त्यातूनच निघणार आहे, आणि दिवसाचे आठ तास बाबांपासून लांब राहिल्यानं तुम्ही संध्याकाळी त्यांच्याशी माणसासारखं बोलू शकता. व्यवस्थापकांना घरची परिस्थिती सांगा, सायंकाळच्या काउंटरची पाळी दुसऱ्याला द्या म्हणा, आणि अगदीच वेळ आली तर आधी बिनपगारी रजा मागा. सिव्हिलला जायचं त्या दिवशी केसपेपरसाठी सकाळी लवकर निघावं लागेल. बाबांना आणि सासूबाईंना घेऊन मिस्टरांनी जावं. कागद तुम्ही लिहून द्या आणि कामावर जा.